जुन्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा बार उडत नसेल तर: खोलण्याआधी प्रायमरवरचा ठसा वाचा

चाप ओढला, 'टक्' झालं आणि बार उडालाच नाही. किंवा टक्‌सुद्धा झालं नाही. अशा वेळी हात आधी पेचकसाकडे जातो आणि तिथेच घोळ होतो. बिघाड कुठे आहे हे आवाज, बोल्टची (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाची) जागा आणि काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीवरचा) ठसा या तीन गोष्टी आधीच सांगत असतात. बंदूक खोलली की त्यातल्या दोन पुसल्या जातात, आणि मग एकेक भाग बदलत अंदाजाने शोध घेत बसावं लागतं. जुन्या बंदुकांत खरोखर तुटलेला भाग क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा सापडतं ते वाळून राळेसारखं झालेलं तेल, गंजलेलं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा), थकलेली स्प्रिंग किंवा चुकीचं काडतूस.

शब्दांचा एक गोंधळ आधीच मिटवू. आपण चापालाही 'घोडा' म्हणतो आणि फायरिंग पिनवर (प्रायमरवर घाव घालणाऱ्या काडीवर) आदळणाऱ्या तुकड्यालाही 'घोडा'च म्हणतो. दुरुस्तीच्या बोलण्यात हे चालत नाही. म्हणून इथे बोटाने ओढायचा तो चाप, आणि आत आदळतो तो हॅमर.

पहिलं मिनिट

बार उडाला नाही की नळी होती त्याच सुरक्षित दिशेला रोखून ठेवा. बोट चापावरून काढा आणि सावकाश साठ आकडे मोजा. प्रायमर पेटूनही दारू उशिरा धरते, त्याला हँगफायर म्हणतात. जुन्या किंवा ओल खाल्लेल्या काडतुसात हे घडू शकतं. त्या क्षणी बोल्ट उघडला असेल तर स्फोट चेंबरच्या बाहेर, तुमच्या हाताशी होतो. घाईने दुसऱ्यांदा चाप ओढायचा नाही, नळीत डोकवायचं नाही.

मिनिट झालं की बोल्टच्या खिडकीसमोर चेहरा किंवा हात येऊ न देता बोल्ट मागे ओढा आणि काडतूस बाहेर घ्या. ते फेकू नका, वेगळं ठेवा. सगळा तपास त्याच्यापासून सुरू होणार आहे. मग मॅगझिन रिकामं करा. बोल्ट मागे गेला की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस कॅरिअरवर (ते चेंबरसमोर उचलणाऱ्या पट्टीवर) येऊ शकतं. म्हणून 'एक काढलं, झालं' असं समजू नका. काडतुसं मोजून काढा, मग मॅगझिन ट्यूबच्या तोंडात आणि चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. अंधाऱ्या चेंबरच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवलेला बरा.

आता बोल्ट मागे अडकवून नळी काढा (कशी ते पुढे आहे) आणि तिच्या मागच्या टोकातून उजेडाकडे धरून पाहा. हे दोन कारणांसाठी करायचं. एक म्हणजे फुसका बार. 'टक्' ऐवजी 'फुस्' असा मंद आवाज आला असेल तर प्रायमरने वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बूच) आणि छर्रे नळीत थोडेसे सरकवून सोडले असतील. त्यामागे दुसरा पूर्ण ताकदीचा बार झाला तर नळी फाटते. दुसरं कारण आणखी फसवं आहे. १२ बोअरच्या बंदुकीत चुकून २० बोअरचं काडतूस गेलं (बोअरचा आकडा मोठा तितकं काडतूस बारीक), तर ते चेंबर ओलांडून नळीच्या गळ्यात अडकतं. चाप ओढला की फक्त टक् होतं. बोल्ट उघडला तर चेंबर रिकामं दिसतं, 'काडतूस आलंच नाही' असं वाटतं आणि माणूस दुसरं, १२ बोअरचं काडतूस भरतो. पुढचा बार झाला की दोन्ही एकदम फुटतात. अनेक उत्पादक २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात काढतात ती याचसाठी. पण रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा. 'टक्' झालं आणि चेंबर रिकामं दिसलं तर नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काडतूस चेंबरमध्ये घट्ट अडकलं आणि बोल्ट हलेना, तर एक गोष्ट कधीच करू नका: दस्ता जमिनीवर टेकवून वरून जोर देणं. विंचेस्टरच्या १९११ मॉडेलला बोल्ट ओढायची मूठच नव्हती. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राऊनिंग याच्या पेटंटमुळे ती वापरता येत नव्हती, म्हणून नळीच पकडून मागे ओढायची रचना केली होती. ओलाव्याने फुगलेलं कागदी काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीला लावून, नळीचं तोंड स्वतःकडे ठेवून नळी खाली दाबत. त्यात माणसं गेली आणि त्या बंदुकीला 'विडोमेकर', म्हणजे विधवा करणारी, हे नाव पडलं. अडकलेलं जिवंत काडतूस हाताच्या सरळ जोराने निघालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक तशीच जाणत्या कारागिराकडे द्यावी.

तीन प्रश्न

बंदूक रिकामी झाली, आता तीन गोष्टी लिहून ठेवा. चाप ओढल्यावर आवाज आला का? बोल्ट पूर्ण बंद होता का, की दोन-तीन मिलिमीटर मागे राहिला होता? आणि प्रायमरवर ठसा कसा आहे: खोल, उथळ की अजिबात नाही?

तुलनेसाठी त्याच बंदुकीतून पूर्वी व्यवस्थित उडालेली पुंगळी शेजारी ठेवा. चांगला ठसा गोल, गुळगुळीत तळाचा आणि साधारण मध्यावर असतो. उथळ ठसा म्हणजे नुसता टोचल्यासारखा डाग. दोन्ही शेजारी असले की फरक नखालाही कळतो.

ठसा खोल आहे आणि तरी बार उडाला नाही, तर बंदूक निर्दोष मानून आधी काडतूस बदला. ओल, मुरलेलं तेल, वर्षानुवर्षं उष्ण जागी पडलेला डबा, हाताने भरताना नीट न बसलेलं प्रायमर ही नेहमीची कारणं. यातलं शेवटचं विशेष पाहण्यासारखं आहे. १२ बोअरच्या काडतुसात बहुधा २०९ क्रमांकाचं प्रायमर असतं आणि ते बुडाशी सपाट हवं. बुडाच्या वर राहिलं असेल तर हॅमरचा पहिला घाव ते आत बसवण्यातच जातो, फार खोल गेलं असेल तर पिन नीट पोचत नाही. वेगळ्या डब्यातली, शक्यतो वेगळ्या उत्पादकाची नवी काडतुसं घेऊन पाच बार करा. पाचही उडाले तर दोष जुन्या डब्यात होता, तो डबा वापरातून काढा. एखाद-दुसरं काडतूस 'परत एकदा मारून पाहू' म्हणून पुन्हा भरण्यात अर्थ नाही. आणि काडतूस साठवताना किंवा चेंबर पुसल्यावर त्यावर गंज सोडवणारं पातळ तेल कधी पोचू देऊ नका, ते प्रायमरच्या कडेतून आत झिरपतं.

टक् झालंच नाही

आवाज नाही याचा अर्थ हॅमर सुटलाच नाही, किंवा आधीच खाली होता.

आधी सेफ्टी. हे वाचायला फार साधं वाटतं, पण जुन्या बंदुकांत सेफ्टीची जागाच वेगळी असते. ब्राऊनिंग ऑटो-५ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत ती चापाच्या पुढे, गार्डच्या आत आहे. नंतरच्यांत चापाच्या मागे आडवं बटण आलं. आडव्या बटणाखाली मळ साचला की ते अर्ध्यावर अडकतं आणि चाप दगडासारखा घट्ट लागतो. रिकाम्या बंदुकीत बटण दोन्ही बाजूंना पूर्ण जातं का, ठाम 'टिक्' करून बसतं का, ते पाहा.

चाप घट्ट नाही, उलट मेल्यासारखा ढिला आहे, तर हॅमर चढलेला नाही. बोल्ट हाताने पूर्ण मागे ओढून सोडा, मग चाप ओढा. आता टक् झालं तर बंदूक आतून ठीक आहे. बोल्ट आधी पुरेसा मागे गेला नव्हता एवढंच, आणि त्याची कारणं पुढे दुसऱ्या बाराच्या भागात आहेत. हाताने पूर्ण ओढूनही हॅमर चढत नसेल, किंवा बोल्ट पुढे जाताना त्याच्या मागोमाग हॅमरही खाली येत असेल, तर थांबा. सिअरची (चढलेला हॅमर अडवून धरणाऱ्या तुकड्याची) धार किंवा हॅमरची खाच झिजली आहे, नाहीतर मळामुळे सिअर पूर्ण वर येत नाही. अशी बंदूक बोल्ट बंद होताना आपोआप उडू शकते किंवा एका चापात दोन बार करू शकते. मळ धुऊन फरक पडला नाही तर तिच्यात एकही काडतूस भरू नका.

आणखी एक: प्रत्येक बारानंतर चाप पूर्ण पुढे सोडावा लागतो. डिस्कनेक्टर नावाचा छोटा दुवा तोवर हॅमरला मोकळं करत नाही. चापाच्या पिनेभोवती तेल चिकट झालं असेल तर चाप अर्ध्यावरच रेंगाळतो आणि दुसऱ्या वेळी काहीच होत नाही. बोटाने चाप पुढे ढकलून पाहा. ढकलल्यावर काम होत असेल तर उत्तर मिळालं: ट्रिगर ग्रुप (चाप, सिअर आणि हॅमर यांचा एकत्र संच) धुवायला हवा.

टक् झालं, पण ठसा उथळ किंवा नाहीच

जुन्या सेमी-ऑटोमॅटिकची खरी दुखणी इथे आहेत, म्हणून इथे वेळ घाला. शक्यता दोनच: बोल्ट पूर्ण बंद नव्हता, किंवा हॅमर आणि पिन यांच्यात ताकद कुठेतरी मरते आहे.

बोल्टचं आधी. या बंदुकांत बोल्टच्या आत एक लॉकिंग ब्लॉक असतो. बोल्ट चेंबरशी पूर्ण भिडला की तो उचलला जातो आणि नळीच्या मागच्या विस्तारातल्या खाचेत बसतो. तो पूर्ण वर येईपर्यंत हॅमरला पिनवर सरळ घाव घालता येऊ नये अशी रचना असते. ही चांगलीच गोष्ट आहे, कारण न लॉक झालेल्या बोल्टमागे बार उडाला तर बोल्ट तोंडावर येईल. पण त्यामुळेच बोल्ट दोन मिलिमीटर मागे राहिला की घाव अर्धा पडतो, किंवा हॅमरची सगळी ताकद बोल्ट पुढे ढकलण्यात जाते.

पारख सोपी आहे. डमी काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप, कॅरिअरवर ठेवून बोल्ट पूर्ण मागून झटक्यात सोडा. बंद झाल्यावर बोल्टची मूठ अंगठ्याने पुढे दाबा. ती थोडीशीही सरकली तर बोल्ट पूर्ण बंद झाला नव्हता. हेच नंतर चेंबर रिकामं ठेवून करा. रिकाम्यात नीट बंद होतो आणि डमीवर होत नाही, तर दोष चेंबर, एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाचा काठ पकडून ओढणारं नख) किंवा काडतुसाच्या मापात आहे. दोन्ही वेळा अडखळतो तर स्प्रिंग किंवा लॉकिंगची खाच.

चेंबरमध्ये गंजाचे ठिपके आणि प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो डोळ्यांना चकचकीत दिसतो आणि म्हणूनच चुकतो. विरघळवणारं द्रव लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग त्या बोअरचा कांस्याचा चेंबर ब्रश रॉडला लावून वीस-पंचवीस फेरे फिरवा. ठिपके राहिले तर ०००० क्रमांकाच्या स्टील वूलमध्ये थोडं तेल घेऊन हाताने फिरवा. एमरी पेपर नको. चेंबरचं माप तुम्ही वाढवलं तर ते परत येत नाही. शेवटी चेंबर कोरडं पुसा.

नळीच्या विस्तारातली लॉकिंग खाच लोक विसरतात. ती वरच्या बाजूला असते, नळी न काढता दिसत नाही, आणि वर्षांचं ग्रीस, दारूची काजळी आणि कागदी काडतुसांचा भुसा तिथे दाबून बसलेला असतो. लॉकिंग ब्लॉक पूर्ण वर न येण्याचं हे हमखास कारण. लाकडी काडीने खरवडून काढा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली आणि बोल्टच्या तोंडावरही तेच करा.

नळी पूर्ण बसलेली नसली तरी हेच लक्षण दिसतं. मॅगझिनची कॅप सैल असली की काही रचनांमध्ये नळी पुढे सरकते आणि लॉकिंग खाच बोल्टपासून लांब जाते. कॅप हाताने घट्ट करा आणि पहिल्या दहा बारांनंतर पुन्हा तपासा, जुनं लाकूड बसतं आणि कॅप ढिली होते. ऑटो-५ मध्ये सैल कॅपमुळे पुढचं लाकूडही तडकतं.

राहिली ॲक्शन स्प्रिंग. बोल्टला पुढे ढकलणारी ही स्प्रिंग ऑटो-५, रेमिंग्टन ११ आणि रेमिंग्टन ११०० मध्ये दस्त्याच्या आतल्या नळीत असते. पावसात भिजलेली बंदूक उभी ठेवली की पाणी आणि तेल दोन्ही तिथे उतरतात, म्हणून ती गंजते आणि चिकटते. रिकाम्या बंदुकीत बोल्ट निम्म्यावर धरून सोडा. तो वाटेत न रेंगाळता ठाम आवाजाने बंद व्हायला हवा. आळसावल्यासारखा सरकला तर स्प्रिंगची नळी साफ करून, गरज पडली तर स्प्रिंग नवी घालावी. ती दाबलेल्या अवस्थेत आडव्या पिनेने अडवलेली असते. पिन काढताना तोंड त्या दिशेला नको आणि बुडावर अंगठा घट्ट हवा. याचा सराव नसेल तर हे काम कारागिरावर सोडा. दस्त्याच्या लांब स्क्रूला चुकीचा पेचकस घातला की लाकडाला आतून तडा जातो.

एक सवयही यात येते. आवाज होऊ नये म्हणून मूठ हातात धरून बोल्ट हळूच बंद करणं. सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट झटक्यात बंद व्हायलाच बनलेला असतो. काडतूस भरताना हळू सोडला तर एक्स्ट्रॅक्टर काठावर चढत नाही आणि बोल्ट केसभर मागे राहतो.

पिन आणि हॅमर

बोल्ट पूर्ण बंद होतो आणि तरी ठसा उथळ आहे, तर फायरिंग पिनकडे वळा. पिनेची वाट ही बंदुकीतली सर्वांत अरुंद आणि सर्वांत दुर्लक्षित जागा. तिच्यात कोणीतरी दरवर्षी 'दोन थेंब' तेल सोडलेलं असतं. ते वाळून पिवळट डिंकासारखं होतं, पिन त्यात पोहत जाते आणि घाव मऊ होतो. थंडीत हे बळावतं. सकाळी बार चुकतो, दुपारी चालतो, अशी तक्रार आली तर आधी पिनेची वाट धुवायची.

बोल्ट बाहेर काढल्यावर पिन अडवणारी आडवी पिन योग्य मापाच्या पंचाने काढा. कोणत्या बाजूने काढली ते लिहून ठेवा, काही पिना एकाच बाजूने निघतात. फायरिंग पिन, तिची परतवणारी स्प्रिंग आणि वाट हे तिन्ही रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये वीस मिनिटं बुडवा, पाइप क्लीनरने आरपार पुसा, पूर्ण वाळवा. जवळपास ज्योत नको आणि खोलीत वारा खेळता हवा. परत बसवताना पिनेला तेलाचा फक्त हात लागलेला असावा. वाटेत थेंब सोडायचा नाही.

पिन हातात असताना तिचं टोक भिंगाखाली पाहा. ते अर्धगोल आणि गुळगुळीत हवं. चपटं झालेलं, कपची उडालेलं किंवा टोकदार असेल तर पिन बदलायची. टोकदार पिन प्रायमर भोसकते आणि गरम वायू मागे येतो. मग बोल्टमध्ये बसवून, लॉकिंग ब्लॉक वर धरून, मागून पिन पूर्ण दाबा आणि टोक बोल्टच्या तोंडाबाहेर किती येतं ते कॅलिपरने मोजा. शॉटगनमध्ये ते ढोबळमानाने १ ते १.५ मिलिमीटर असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मिळाला तर तोच खरा. बरंच कमी भरलं तर पिन झिजलीय, तुटलीय किंवा वाटेत मळ आहे. दाब सोडल्यावर पिन झटकन आत गेली पाहिजे. बाहेर अडकलेली पिन न उडणाऱ्या बंदुकीपेक्षा धोक्याची, कारण बोल्ट बंद होतानाच ती प्रायमरवर आदळते.

पिन ठीक, वाट कोरडी, तरी ठसा उथळ, तर हॅमरची स्प्रिंग. ऑटो-५ आणि तिच्या भावंडांत ती चपटी पट्टीची आहे. पट्टी तडकते, किंवा तिचा स्क्रू सैल होतो आणि जोर निम्मा होतो. ११०० सारख्यांत गुंडाळीची स्प्रिंग आहे, ती तुटण्यापेक्षा मळाने अडखळते. जुनी स्प्रिंग ओढून ताणून 'जिवंत' करू नका. ती दहा बार चालेल आणि अकराव्याला दगा देईल.

ट्रिगर ग्रुप काढण्याची पद्धत बंदुकीप्रमाणे बदलते. ११०० मध्ये हॅमर चढवून, सेफ्टी लावून रिसीव्हरमधल्या (बंदुकीच्या मधल्या धडातल्या) दोन आडव्या पिना ढकलल्या की तो अख्खा खाली येतो. बाहेर काढल्यावर हॅमर मोकळा सोडून आदळवू नका, अंगठ्याने धरून उतरवा. ऑटो-५ मध्ये स्क्रू आहेत, आणि प्रत्येक मोठ्या स्क्रूशेजारी त्याला अडवणारा बारीक लॉक स्क्रू आहे. आधी बारीक स्क्रू काढायचा, मग मोठा. खाच अरुंद असते, म्हणून समांतर बाजूंचं, खाचेत गच्च बसणारं पातं लागतं. घरातल्या पाचरीसारख्या पेचकसाने स्क्रूची डोकी खराब झालेल्या कितीतरी ऑटो-५ दिसतात. ते पाहून वाईट वाटतं, कारण आतली यंत्रणा बहुधा धडधाकट असते.

अख्खा ग्रुप न सुटा करता द्रवात बुडवून, ब्रशने घासून, वाळवून घ्या. पिनांच्या टोकांना, हॅमरच्या धुरीला आणि सिअरला सुईच्या टोकाएवढं तेल पुरे. बहुतेक बंदुका इथेच बऱ्या होतात.

पहिला बार उडतो, दुसरा नाही

ही तक्रार न उडण्याची वाटते, पण असते आवर्तनाची. पहिल्या बारात बोल्ट पुरेसा मागे गेला नाही. मग हॅमर चढला पण मॅगझिनमधलं काडतूस आलं नाही, म्हणून रिकाम्या चेंबरवर टक् होतं. नाहीतर हॅमर चढलाच नाही, मग चाप मेलेला.

जॉन ब्राऊनिंगला १९०० मध्ये पेटंट मिळालेली ऑटो-५ आणि १९०५ ते १९४७ दरम्यान निघालेली रेमिंग्टन ११ या लाँग रिकॉइलवर चालतात. बार झाला की नळी आणि बोल्ट एकत्र मागे जातात, मग नळी आधी पुढे येते आणि पुंगळी बाहेर पडते. हा धक्का आवरण्यासाठी मॅगझिन ट्यूबवर कांस्याचा फ्रिक्शन पीस आणि पोलादी कडी असते. १२ बोअरच्या ऑटो-५ मध्ये जड काडतुसांसाठी कडी मोठ्या स्प्रिंगच्या पुढे येते, तिची उतरती बाजू कांस्याच्या तुकड्याकडे. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला लागून ठेवायची. जडच्या मांडणीत हलकी काडतुसं मारली की बंदूक पुंगळी टाकत नाही. याच्या उलट चूक महाग पडते: हलक्याच्या मांडणीत जड काडतुसं मारली की प्रत्येक बाराला नळी मागे आदळते आणि लाकूड, कालांतराने रिसीव्हरही, फुटतो. ट्यूबवर तेलाचा पातळ पुसट हात हवा. कोरडी ठेवली तर घर्षण जास्त, निथळती ठेवली तर घर्षण नाहीच.

या नळ्या काढताना बंदूक रिकामी आहे हे पुन्हा पाहा. बोल्ट मागे अडकवा, नळी किंचित मागे दाबून स्प्रिंगचा ताण काढा, मगच कॅप फिरवा आणि नळी हळूहळू पुढे येऊ द्या. चेहरा नळीच्या रेषेत नको. काढलेल्या कड्यांचा क्रम आणि दिशा यांचा फोटो घ्या. नळी काढलेली असताना बोल्ट झटक्यात सोडायचा नाही, बोट चिरडतं आणि भागही दुखावतात.

१९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुका वायूवर चालतात. इथे तीन जागा: नळीच्या कड्यातली वायूची भोकं, पिस्टन आणि त्याच्या सील रिंगा, आणि मॅगझिन ट्यूबवरची रबरी ओ-रिंग. ओ-रिंग तडकली की वायू निसटतो आणि बंदूक एकबारी होते. ती काही मिनिटांत बदलते, दोन जादा बाळगाव्यात. भोकं मऊ तारेने किंवा लाकडी काडीने मोकळी करा. ड्रिल लावू नका. भोक मोठं झालं की बोल्ट जादा वेगाने मागे आदळत राहतो.

काडतुसाच्या लांबीचंही इथे सांगायला हवं. १६ बोअरच्या जुन्या ऑटो-५ मध्ये चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं ७० ची. घडी घातलेलं काडतूस आत नीट बसतं, कारण लिहिलेली लांबी ही उडून उलगडलेल्या पुंगळीची असते. पण उलगडायला जागा नसल्याने दाब वाढतो आणि पुंगळी अडकते. नळीवर माप नसेल तर कारागिराकडून चेंबर मोजून घ्या. जुन्या आवळ चोकच्या (तोंडाशी अरुंद होणाऱ्या) नळीतून पोलादी छर्ऱ्यांची काडतुसंही मारू नका.

कानस कुठे लावायची नाही

सिअर, हॅमरची खाच, लॉकिंग ब्लॉक, नळीच्या विस्तारातली खाच. चाप हलका करायच्या मोहात सिअरवर दोन हात मारले की न उडणारी बंदूक नको तेव्हा उडणारी होते. रिसीव्हरला चीर, लॉकिंग ब्लॉकच्या खांद्यावर कुरतडल्यासारख्या खुणा, भोसकलेले प्रायमर किंवा एका चापात दोन बार यांतलं काहीही दिसलं तर घरचं काम तिथे संपलं. पुढे परवानाधारक कारागीर.

परत चालू करताना

जोडणी झाली की आधी डमीवर पाहा. बोल्ट बंद झाल्यावर मूठ पुढे सरकत नाही ना? सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, हॅमर सुटता कामा नये. चाप सोडा, सेफ्टी काढा, तरीही सुटता कामा नये. आता चाप ओढा, ठाम टक् हवं. चाप दाबून धरूनच बोल्ट मागे ओढून सोडा, मग चाप हळू सोडा, डिस्कनेक्टर चढल्याचा 'टिक्' जाणवेल. रिसीव्हरच्या मागे तळहाताने चार-पाच वेळा थापटा, हॅमर जागेवर राहायला हवा.

मग नेमबाजीच्या जागेवर, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावून, एकच काडतूस चेंबरमध्ये भरून बार करा. असे पाच. प्रत्येक पुंगळीचा ठसा पाहा. पाचही सारखे असतील तर दोन-दोन भरा: एक चेंबरमध्ये, एक मॅगझिनमध्ये. दोनवर दहा बार बिनचूक झाले की मगच मॅगझिन पूर्ण भरायचं. हा क्रम मोडू नका. सिअर दगा देणार असेल तर तो दोन काडतुसांवर कळलेला बरा, पाचांवर नाही.

पहिल्या पाचांतली एक पुंगळी तारीख घालून बंदुकीच्या पेटीत ठेवा. पंचवीस बारांनंतर आणि मग दर हंगामाच्या सुरुवातीला नवी पुंगळी तिच्याशेजारी धरा. ठसा उथळ होऊ लागला की पिनेची वाट धुवायची वेळ झाली. आणि बंदूक उभी ठेवत असाल तर नळीचं तोंड खाली, मऊ कापडावर ठेवा. तेल दस्त्याच्या लाकडात आणि ॲक्शन स्प्रिंगच्या नळीत उतरणार नाही.